खाडीकाठी राहायला आलात? पहिल्या पावसाआधी करायची पाण्याची कामं

आमच्या घरात पहिल्यांदा पाणी शिरलं त्या दिवशी पूर नव्हता. पाऊस होता, पण आषाढात असतो तेवढाच. दुपारी बाराच्या सुमाराला न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड ऐकू यायला लागली. थोड्या वेळाने काळं पाणी वर आलं, त्यात कुजलेली पानं, आणि त्या पानांवर बसून कुर्लीचं एक पिल्लू. अर्ध्या तासात स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं. रस्त्यावर मात्र तोवर पाणी साचलं नव्हतं.

भोईवाडीतल्या काकी टोपली घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "आज तिथ कंची?" अमावस्या होती. "मंग खाडी येनारच की गो."

गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठावर आमचं घर आहे. मी शहरातून आले तेव्हा मला पावसाचं पाणी ठाऊक होतं, खाडीचं नव्हतं. ठेकेदाराने सांडपाण्याचा पाईप रस्त्याकडेच्या गटारात सोडला होता आणि ते गटार सरळ खाडीत जात होतं. उधाणाच्या भरतीला खाडी त्याच वाटेने उलटी वर आली. पुढच्या काही वर्षांत पऱ्या (पावसाळी ओढा), मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा), विहीर, ग्रामसभा, तहसील कार्यालय असं सगळं फिरून झालं. गावातल्या पाणी तपासणाऱ्या बायकांमध्ये आता मीही आहे. नव्याने घर बांधणाऱ्या, गावी परतणाऱ्या माणसांना मी जे तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी पाण्याच्या वाटेने चालून या

काहीही बांधायच्या, खणायच्या, भरायच्या आधी हे करा. एप्रिल-मे महिन्यात सकाळी लवकर निघा. घराच्या वर जो सडा (कातळाचा उघडा माळ) असेल तिथून सुरुवात करा आणि पऱ्याच्या पात्रातून खाली खाडीपर्यंत चालत या. पऱ्या त्या वेळी कोरडा असतो, त्यामुळे सगळं दिसतं. बरोबर गावातलं एक जुनं माणूस घ्या.

वहीत टिपायचं ते असं: पात्र कुठे रुंद आहे, कुठे अचानक अरुंद होतं. कुठे गडगा (दगडी कुंपण) पात्रात सरकलाय. रस्त्याखाली मोरी कुठे आहे, तिच्यातला पाईप केवढा, त्यात गाळ किती. कुणी साकवाच्या (छोट्या पुलाच्या) जागी सिमेंटचा स्लॅब टाकलाय का. आणि काठावरच्या झाडांकडे मुद्दाम बघा. फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत आणि प्लास्टिक किती उंचीवर आहे? गेल्या पावसात पाणी तिथवर होतं.

लोकांना विचारताना एक चूक सगळे करतात, मीही केली होती. "इथे पाणी येतं का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाय हो, हितं कसला पानी." जागा विकणारा तर दुसरं काही सांगणारच नाही. प्रश्न असा विचारा: "२००५ च्या जुलैत पाणी पाखाडीच्या कितव्या पायरीपर्यंत होतं? आणि २०२१ ला?" माणसं पायरीवर नेऊन बोट ठेवून दाखवतात. तिथे रंगाने खूण करा.

मग त्या खुणेपासून घराच्या जोत्याची उंची मोजा. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी असते, तीस-चाळीस फुटांची. तिच्यात पाणी भरून दोन्ही टोकांना पातळी बघायची, एवढंच. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून सुरू करण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय ना ते बघा. माझं जोतं २०२१ च्या खुणेपेक्षा सव्वा फूट वर निघालं. हायसं वाटलं, पण न्हाणीघराची जाळी मात्र खुणेच्या खाली होती. घर बांधण्याआधी मोजलं असतं तर ते न्हाणीघर वरच्या बाजूला गेलं असतं.

२. कागद आणि हत्यारं जमवा

कागद:

- सातबारा आणि आठ-अ, आपले आणि जमल्यास वरच्या-खालच्या जागांचे
- गाव नकाशा. यात जुने ओढे, पऱ्ये, पाणंदी दाखवलेल्या असतात. भूमी अभिलेख कार्यालयात प्रत मिळते
- आपल्या गटाचा मोजणी नकाशा
- नदीकाठी असाल तर जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा
- खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर सीआरझेडचा (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा) नकाशा
- मेमध्ये काढलेले घराचे, गडग्याचे, पऱ्याचे फोटो, तारखेसह

हत्यारं: तीस मीटरची टेप, लेव्हल नळी, फुटाफुटाच्या खुणा केलेला बांबू, तिथी असलेली दिनदर्शिका, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर, पाण्यातला क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची बाटली आणि पाऊस मोजायला सरळ बाजूंचा एक डबा. डब्याचं तोंड आणि बूड सारख्याच मापाचं हवं. उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला आत किती मिलिमीटर पाणी साठलं ते पट्टीने मोजून लिहा.

पूररेषेबद्दल थोडं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी असतात. "पंचवीस वर्षांतून एकदा" याचा अर्थ "एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत" असा अजिबात नाही. दर वर्षी पंचविसात एक एवढी शक्यता असते. घर २५ वर्षं उभं राहिलं तर तेवढं पाणी निदान एकदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. शिवाय या रेषा मोठ्या नद्यांच्या असतात. तुमच्या वाडीतल्या पऱ्याची रेषा कुणी आखलेली नसते. ती पहिल्या मुद्द्यातल्या खुणांनी तुम्हीच आखायची.

खाडीकडच्या बाजूला भराव टाकायचा किंवा भिंत घालायची कल्पना असेल तर आधी सीआरझेडची परवानगी लागेल का ते बघा. आणि खारफुटीला हात लावू नका. कांदळवन तोडणं, त्यावर माती टाकणं हा गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही सुरक्षित ठरवला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आमच्या काठाची माती जिथे जिथे ढासळली तिथे तिथे चिपी आणि तिवर ही खारफुटीची झाडं आधी तोडलेली होती.

३. तिथी आणि घड्याळ शिकून घ्या

समुद्राला दिवसात दोनदा भरती येते आणि दर दिवशी ती साधारण पाऊण तास पुढे सरकते. म्हणून जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. आज अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती पूर्ण. अमावस्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमाराला. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते. मी पहिल्या महिन्यात जेटीच्या खांबावर खुणा करून आमच्या काठाचा फरक काढला.

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी सर्वांत वर चढतं, भांगाला चढ-उतार कमी.

आता यावर पाऊस चढवा. भांगाच्या दिवसांत कितीही कोसळला तरी आमच्याकडे पाणी दोन-तीन तासांत ओसरतं. उधाणाच्या भरतीला त्याच्या निम्मा पाऊस झाला तरी पऱ्याला जायला वाटच उरत नाही. ते चढत्या खाडीला अडतं आणि मागे फुगतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्या दिवशी त्रयोदशी होती, आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. घाटावरून प्रचंड पाऊस उतरत होता आणि खाली समुद्र पौर्णिमेच्या उधाणाकडे निघाला होता.

म्हणून जून ते सप्टेंबर दिनदर्शिकेवर प्रत्येक अमावस्या-पौर्णिमा आणि तिच्या मागचे-पुढचे दोन दिवस लाल पेनने रंगवा. रंगवलेल्या दिवशी हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला तर सामान वर उचलायचं, गाडी वरच्या रस्त्यावर न्यायची, भरतीच्या दोन तास आधी. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस. तुमच्या डब्यातला आकडा याच्याशी ताडून बघत जा, सवय होते.

सावध राहायची एक गोष्ट: बातम्यांत "साडेचार मीटरची भरती" असं सांगतात ते आकडे मुंबईचे असतात. दक्षिणेकडे जावं तशी भरतीची उंची कमी होते. आपल्या जवळच्या बंदराचं कोष्टक बघा. आणि वाशिष्ठीच्या काठावर असाल तर कोयनेच्या वीजप्रकल्पातलं पाणी कोळकेवाडीमार्गे तुमच्याच नदीत येतं हे लक्षात ठेवा. विसर्गाचा इशारा आला तर तो तुमच्यासाठीच आहे.

४. पाण्याचा हिशेब मांडा

यात गणित आहे, पण तिसरीतल्या पोराला येईल असं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक गुंठा जवळपास शंभर चौरस मीटर. म्हणजे शंभर मिलिमीटर पाऊस पडला की एका गुंठ्यावर दहा हजार लिटर, एक मोठा टँकर. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीस टँकर, एका गुंठ्यावर.

मातीत, गवतात, झाडीत यातलं बरंच मुरतं. उघड्या कातळावर आणि सिमेंटवर मुरत नाही. एक एकर कातळावर तासाला ६० मिलिमीटरने पाऊस कोसळला तर सेकंदाला सुमारे ६५ लिटर पाणी खाली सुटतं. फूटभर व्यासाचा सिमेंटचा पाईप शंभर फुटाला एक फूट उतार असेल तर सेकंदाला जेमतेम शंभर लिटर नेतो, तेही आत गाळ नसेल तर. म्हणजे तो दीड एकराला पुरतो. आमच्या पऱ्याला वरून दहा एकरांचा सडा पाणी देतो आणि रस्त्याखाली बसवलेला पाईप होता फूटभराचा. दर वर्षी तिथे रस्ता का वाहून जायचा हे कळायला इंजिनिअर लागला नाही.

पाईपचा व्यास दुप्पट केला की तो सहापट पाणी नेतो. हे वाक्य मी ग्रामसभेत तीन वेळा बोलले. दोन फुटी पाईपचा खर्च सहापट नसतो.

आपल्या अंगणापुरतं काय करता येईल? सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने झाकू नका. पागोळ्यांखाली चर ठेवा, पन्हळीचं पाणी गटारात न सोडता टाकीत किंवा आगरातल्या (बागेतल्या) झाडांच्या आळ्यांत घ्या. वरच्या बाजूला आंब्याची कलमं लावायला सडा जेसीबीने खरवडला जात असेल तर बांधावर आणि उघड्या मातीवर पावसाआधी गवत धरेल असं बघा. नाहीतर ती लाल माती पहिल्या आठवड्यात तुमच्या मोरीत येऊन बसते.

५. पऱ्या आणि मोरी साफ करायची ती मेमध्ये, आणि गाळ लांब टाकायचा

मृग सुरू झाल्यावर साफसफाईला कुणी मिळत नाही, सगळे पेरणीत असतात. पंधरा मेच्या आत उरकायचं.

ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीत पाणी आणि स्वच्छता हे दोन्ही विषय येतात, पण काम आराखड्यात असावं लागतं. त्यामुळे मोरी मोठी करायची मागणी पावसाळ्यात करून उपयोग नाही. आराखड्याची ग्रामसभा होते तेव्हा गाव नकाशा, फोटो आणि मापं घेऊन उभं राहायचं. माझा अर्ज पहिल्या वर्षी बारगळला, कारण मी "पाणी तुंबतं" एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी मोरीचा व्यास, वरचं क्षेत्र, रस्ता किती वेळा वाहून गेला आणि प्रत्येक वेळी दुरुस्तीला किती खर्च आला हे लिहिलं. काम मंजूर झालं.

साफसफाईत सगळीकडे होणारी चूक म्हणजे काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवणं. पहिल्या सरीत तो परत आत जातो. लांब, उंचावर, किंवा भातखाचरात न्या. दुसरी चूक म्हणजे "रुंद करू या" म्हणून जेसीबीने काठ ओरबाडणं. काठावरच्या निगडीची, करंजाची मुळं सुटली की पुढच्या पावसात काठच खाली बसतो. कोयता-फावड्याने मधला गाळ आणि कचरा काढला तर बहुतेक ठिकाणी पुरतं.

मोरीच्या तोंडाशी जाळी लावायची असेल तर उभ्या सळ्यांची, हाताचा पंजा जाईल एवढ्या अंतराची लावा, आणि ती रोज साफ करणारं माणूस ठरलं असेल तरच लावा. बारीक जाळी एका रात्रीत पानांनी बंद होते आणि मग तीच धरण बनते.

६. खाडीला उलटं येऊ देऊ नका

आमच्या न्हाणीघराचा प्रश्न सुटला तो एका झडपेने. कोकणात ही कल्पना जुनीच आहे. खारजमिनींच्या बांधात उघाडी असते, लाकडी दार वरच्या बाजूने टांगलेलं. भरती आली की खाडीचं पाणी दार बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही.

घराच्या पाईपला याचंच छोटं रूप मिळतं, एकाच दिशेने उघडणारी झडप. प्लंबिंगच्या दुकानात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणून मागा, सांडपाण्याच्या पाईपची, आडवी बसणारी. पाण्याच्या पंपाची घेऊ नका, तिच्यात केस आणि पानं अडकतात. ती अशा चेंबरमध्ये बसवा की झाकण काढून हात घालता येईल. उधाणाच्या आधी दर वेळी तो हात खरोखर घाला.

वाडीच्या गटाराच्या तोंडाशी मोठी उघाडी असेल तर तिची नोंद कुणाकडे आहे ते शोधा. काही खारभूमी विकास विभागाच्या, काही ग्रामपंचायतीच्या, काही पूर्वीपासून शेतकऱ्यांनी मिळून सांभाळलेल्या. आमची उघाडी वर्षानुवर्षं अर्धवट उघडी असायची. ओहोटीला खाली उतरून बघितलं तर चौकटीवर कालवं बसून बोटभर थर झाला होता, आणि दारात एक नारळाचं खोड अडकलं होतं. छिन्नी-हातोड्याने दोन ओहोट्यांत काम झालं. पायात जाड बूट घाला, कालवाच्या कडा पात्यासारख्या असतात.

उघाडी बंद असते त्या चार-पाच तासांत आतलं पावसाचं पाणी कुठेतरी थांबलं पाहिजे, हे विसरू नका. ती जागा म्हणजे तुमच्या मागचं खाजण, पाणथळ खाचर, तळं. "रिकामी पडलीय" म्हणून कुणी ती भरून घर बांधलं तर झडप असूनही पाणी तुमच्या अंगणात थांबेल.

७. कुणी पऱ्या अडवला तर

आधी बोला. गावातल्या चार माणसांना घेऊन, पाणी नसताना, जागेवर जाऊन बोला. दहातले आठ प्रश्न तिथेच मिटतात. गडग्यात खाली दोन चिऱ्यांची जागा मोकळी सोडली तरी बऱ्याचदा भागतं.

नाहीच ऐकलं, तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा करता येतो. शेतीच्या, कुरणाच्या किंवा झाडापिकांच्या जमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बेकायदा अडवला असेल तर तो अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागतो, हे महत्त्वाचं. बहुतेक लोक एक पावसाळा वाट बघतात, दिवाळीनंतर विचार करतात आणि मुदत हातची जाते. सातबारा, गाव नकाशा, मोजणी नकाशा, आधीचे-नंतरचे फोटो आणि नुकसानीची नोंद जोडा.

८. विहीर: इथे सर्वांत जास्त लक्ष द्या

अंगणात आलेलं पाणी दिसतं. विहिरीत गेलेलं दिसत नाही. कोकणात जांभा आहे, आणि जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. वर सांडलेलं पाणी मातीत गाळून जातं तसं इथे होत नाही, भेगांतून ते थेट विहिरीत उतरतं. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब हवा असं सांगतात. जांभ्यात मी त्याहून जास्त ठेवा म्हणेन, आणि खड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूलाच हवा. सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो पऱ्यात सोडू नका. तुमच्या खालच्या वाडीची विहीर त्याच पऱ्याच्या काठी असते. न्हाणीचं सांडपाणी केळी-अळवाला द्या. शोषखड्डा उन्हाळ्यात छान चालतो, पण जुलैत भूजल वर आलं की तो तळातूनच भरतो.

विहिरीला कठडा, भोवती उताराचा चबुतरा, आणि चबुतऱ्याचं पाणी लांब नेणारी नाली, या तीन गोष्टी पावसाआधी तपासा. चबुतऱ्याला चीर असेल तर मूठभर सिमेंटचं काम आहे, आजच करा.

निर्जंतुकीकरणाला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. किती टाकायची याचा हिशेब असा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ३.१४, भागिले चार, गुणिले हजार. आमची विहीर तीन मीटर व्यासाची, पाणी चार मीटर. म्हणजे साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम धरून १४० ग्रॅम पावडर लागते.

ती सरळ विहिरीत टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी लगदा करा, मग बादली पाऊणभर भरून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोराने विहिरीत सोडा आणि पाण्याखाली वर-खाली हलवा. तासभर थांबा. मग ओटी टेस्ट: काचेच्या नळीत विहिरीचं पाणी, त्यात ओटीचे थेंब. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग लगेच तक्त्याशी ताडा, नळापर्यंत निदान ०.२ पीपीएम उरायला हवं. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या नळीतलं पाणी तसंच पांढरं राहिलं. पावडर जुनी होती, पिशवी उघडी राहिली होती, जोर निघून गेला होता. डबा हवाबंद, सावलीत, मुलांपासून लांब ठेवा, आणि पावडर हाताळताना हातमोजे घाला.

पाणी गढूळ असेल तर टीसीएलचा उपयोग होत नाही. आधी तुरटी फिरवून निवळू द्या, गाळा, मग क्लोरीन.

पुराचं पाणी विहिरीत गेलंच, तर ते पाणी पिण्यासाठी बंद करा. घाबरून पंप लावून विहीर तळापर्यंत उपसू नका. भोवतीची जमीन भिजून जड झालेली असते, आतला आधार गेला तर चिरे आत येतात, आणि खाडीकाठी खारं पाणी आत ओढलं जातं. निवळू द्या, टीसीएलची मात्रा वाढवून द्या, मग नमुना तपासून घ्या. तोवर उकळलेलंच पाणी प्या.

नमुना कसा द्यायचा? जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच किंवा आरोग्य केंद्रातून घ्यावी लागते. घरची धुतलेली बाटली चालत नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत पोहोचवा. घरच्या घरी प्राथमिक तपासणीला एच-टू-एसची छोटी बाटली मिळते. पाणी भरून ठेवा, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी दूषित आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण ते ग्रामपंचायतीत विचारा. तुमच्या गावाला पाणी किती सुरक्षित ते सांगणारं आरोग्य विभागाचं हिरवं, पिवळं की लाल कार्ड आहे तेही विचारा. लाल असेल तर कारण लेखी मागा.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो, खारेपणाचा. जानेवारीपासून दर रविवारी टीडीएस मोजून लिहा. ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर २००० ही शेवटची मर्यादा. पण एका आकड्यापेक्षा चढ बघा. मार्चपासून आकडा दर आठवड्याला वर चढत असेल तर उपसा जास्त होतोय. मोठा पंप दोन तास चालवण्यापेक्षा लहान पंप सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा चालवा.

९. पाणी चढायला लागलं तर, आणि ओसरल्यावर

मेन स्विच बंद, गॅस बंद, कागदांची पिशवी वर. वाहत्या पाण्यात पाय घालून मोरी मोकळी करायला जाऊ नका, आत ओढ असते. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, पोलीस आणि आपत्कालीन मदतीला ११२. वर दरड असेल आणि भिंतीला, जमिनीला नवीन भेग दिसली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं तर पाणी किती आहे ते बघत बसू नका, घर सोडा.

ओसरल्यावर चिखल उपसताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातमोजे हवेतच. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो आणि पायाच्या बारीक चिरेतूनही तो अंगात शिरतो. आरोग्य केंद्रात जाऊन "मी पुराच्या पाण्यात काम केलंय" हे सांगा, प्रतिबंधक गोळी लागेल का ते डॉक्टर ठरवतील. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. आमच्या वाडीतले एक भाऊ "पावसाळी ताप आहे" म्हणत चार दिवस घरी राहिले. पुढे त्यांना महिनाभर रुग्णालयात काढावा लागला.

चिखल धुण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा फोटो काढा, रेघेशेजारी टेप धरून. ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांना) लगेच कळवा आणि पंचनामा होईपर्यंत भिजलेलं सामान फेकू नका. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. रेघ पुसायच्या आधी तिच्या जागी खिळा ठोका. आमच्या मागच्या दाराच्या चौकटीवर असे तीन खिळे आहेत, शेजारी तारीख, तिथी आणि त्या दिवशी डब्यात किती मिलिमीटर पाऊस निघाला ते लिहिलंय. काकी येतात तेव्हा टोपली खाली ठेवून आधी तिथे बघतात.